चौकटीबाहेरचा जमाव : नॉर्मन रॉकवेल यांचे एक नियतकालिक-चित्र

१/ १४ जानेवारी १९६४. ‘लूक’ या अमेरिकन पाक्षिकाच्या दोन पानांवर पसरलेले एक चित्र. पांढऱ्या झग्यातील कृष्णवर्णीय बालिका हातात वही, पट्टी व पेन्सिली घेऊन ताठ मानेने चालली आहे. तिच्या पुढे दोन पुरुष, मागे दोन. मात्र या चौघांपैकी एकाचेही शिर चित्रात नाही. खांद्यापाशीच चौकट संपते. ही शिरे चित्रकाराने का वगळली?

२/ चित्रामागे सत्यघटना आहे. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लीन्स येथील विल्यम फ्रान्झ प्राथमिक शाळेत सहा वर्षांच्या रूबी ब्रिजेसने न्यायालयाच्या आदेशाने प्रवेश घेतला. तोवर ही शाळा केवळ गोऱ्या मुलांची होती. बाहेर जमाव शिव्याशाप देत उभा असे, म्हणून संघराज्याचे मार्शल तिच्या संरक्षणास होते. गोऱ्या पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. बार्बरा हेन्री या शिक्षिकेने रूबीला वर्षभर एकटीलाच शिकवले.

३/ चित्रकार नॉर्मन रॉकवेल. १९१६ पासून ४७ वर्षांत त्यांनी ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’साठी ३०० हून अधिक मुखपृष्ठे रंगवली. घरगुती, मिस्कील, सुखवस्तू अमेरिकेचा चित्रकार ही त्यांची ख्याती. कृष्णवर्णीय माणसे केवळ सेवकाच्या भूमिकेत दाखवावीत असा तेथील दंडक होता, असे त्यांनी पुढे सांगितले. १९६३ मध्ये ते ‘पोस्ट’पासून दूर झाले.

४/ त्यांची कार्यपद्धती कमालीची काटेकोर होती. आधी कल्पनेची लहान रेखाटने. मग शेजारपाजारच्या माणसांना हव्या त्या पवित्र्यात उभे करून काढलेली छायाचित्रे. त्यांवरून कोळशाने केलेले पूर्णाकृती रेखाटन, रंगसंगती ठरवणारा छोटा आराखडा आणि सर्वांत शेवटी कॅनव्हासवर तैलरंग. अंक चाळणारा वाचक काही क्षणच थांबणार, हे गृहीत धरूनही एवढे कष्ट!

५/ प्रेक्षकाला नेमके कोठे उभे करायचे, याचे भान त्यांना आधीपासून होते. २९ एप्रिल १९५० च्या ‘शफलटन्स बार्बरशॉप’ या मुखपृष्ठावर केशकर्तनालय बंद झालेले आहे. आपण रस्त्यावरून काचेतून आत पाहतो. अंधारलेल्या दुकानापलीकडे, उजळलेल्या मागच्या खोलीत काही वृद्ध वाद्ये वाजवत आहेत. तेथे बाहेर असणे सुखद आहे. चौदा वर्षांनंतर मात्र तीच युक्ती प्रेक्षकाला अस्वस्थ करण्यासाठी आली.

६/ आता शिरांकडे वळू. चेहरे गेल्याने मार्शल व्यक्ती राहत नाहीत; उरतो तो कायदा. दंडावरच्या पिवळ्या पट्ट्या, आवळलेल्या मुठी, एकाच्या खिशातून डोकावणारा कागद. चौघांची पावले जवळपास एका लयीत पडतात. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत मुलगी एकटी चालते. संपूर्ण चित्रात चेहरा आहे तो तिचाच.

७/ रंगांतही तोच संयम. करडे-तपकिरी सूट, फिकट भिंत, मळकट पदपथ. त्यावर झगा, मोजे, बूट आणि केसांतील फीत यांचे लख्ख पांढरेपण. भिंतीवर फेकलेल्या टोमॅटोचा लाल ओघळ रक्ताची आठवण करून देतो. तिच्या डोक्यावरच्या बाजूला खरडलेली वर्णद्वेषी शिवी आहे, कोपऱ्यात ‘केकेके’ ही अक्षरे आहेत. मुलगी यांपैकी कशाकडेही पाहत नाही.

८/ त्या काळच्या गाजलेल्या छायाचित्रात शाळेच्या पायऱ्या आहेत, मार्शलांचे चेहरेही आहेत. रॉकवेल यांनी शाळा वगळली, आकाश वगळले आणि जमावही वगळला. दृष्टी खाली, मुलीच्या उंचीवर आणली. प्रौढांची शिरे कापली जाणे मग स्वाभाविक वाटते, कारण या चित्रातील जग तिच्या मापाने मोजलेले आहे.

९/ पण टोमॅटो आला कोठून? भिंत समोर आहे, म्हणजे फेकणारा भिंतीच्या अलीकडे, चित्र पाहणारा उभा आहे त्याच बाजूला असणार. जमाव नाहीसा झालेला नाही. त्याची जागा वाचकाला मिळाली आहे. ‘द प्रॉब्लेम वी ऑल लिव्ह विथ’, म्हणजे ‘आपण सारे जिच्यासह जगतो ती समस्या’, या शीर्षकातील ‘सारे’ हा शब्द येथे खरा होतो.

१०/ ‘लूक’कडे संतापाची पत्रे आली, तशीच कौतुकाचीही. २०११ मध्ये हे चित्र काही महिने व्हाइट हाउसमध्ये लावले होते. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा आणि रूबी ब्रिजेस यांनी ते शेजारी उभे राहून पाहिले. मूळ चित्र स्टॉकब्रिज येथील रॉकवेल संग्रहालयाचे आहे.

११/ नियतकालिकांतील चित्रांना ‘केवळ सजावट’ म्हणून कलेच्या पंगतीत दीर्घकाळ खालचे पान मिळाले. या चित्रात मात्र भाषणे नाहीत, घोषणा नाहीत. काय दाखवायचे, काय कापायचे आणि पाहणाऱ्याला कोठे उभे करायचे, एवढ्या तीन निर्णयांवर सारा युक्तिवाद उभा आहे. त्याला कसब म्हणतात.