बारा फोटोंचा कॅमेरा

सहलीच्या फोटोंत सगळे का दिसत नाहीत, असं मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत कुणीतरी विचारलं. कळव्यात तेव्हा एखाद्याच घरी कॅमेरा असे, तोही बहुधा बडोद्याला बनणारा ‘अग्फा क्लिक थ्री’. त्यात १२० नंबरचा रोल, कोडॅकने १९०१ साली काढलेला. एका रोलवर चौकोनी फोटो बाराच. सर, बाई आणि एसटी (ती हवीच!) झाली की मुलांच्या वाट्याला आठ-नऊ उरत.

मी जुने कॅमेरे जमवतो. माझा क्लिक थ्री अजून चालतो, १२० चा रोलही मिळतो. पण खरा ठेवा निगेटिव्हचा. माळ्यावरच्या ट्रंकेत असतील तर शोधा, त्यांवरून आजही प्रती निघतात. दहावीनंतर लगेच गेलेल्या आपल्या मित्राचा एकही फोटो अजून सापडलेला नाही.