अंगण खरेच वाकडे होते



‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्या चुकीचे खापर हत्यारावर फोडणाऱ्याला ती चपखल लागू पडते. परंतु कारखान्यांच्या दारांशी उभे राहून वर्षे घालवल्यावर आम्हांला तिची दुसरी बाजूही दिसू लागली आहे. यंत्रात कोणाचे बोट गेले की चौकशीच्या कागदावर पहिले वाक्य ठरलेले असते : कामगाराने नको तेथे हात घातला. हात तेथे का गेला, यंत्राची घडण कशी होती, हे विचारावयास सहसा कोणी बसत नाही. अंगण खरोखरच वाकडे असावे आणि बोल मात्र नाचणाऱ्याला लागावा, असे घडले म्हणजे काय होते, याचा एक अलीकडचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. तो गिरणीतला नाही. आपणा सर्वांच्या खिशातल्या वस्तूचा आहे.

७ जून २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे अ‍ॅपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी ‘आयफोन ४’ हा मोबाइल जगापुढे ठेवला. मागेपुढे काच आणि कडेने पोलादी पट्टी, अशी त्याची देखणी घडण होती. ही पट्टी निव्वळ शोभेची नव्हती. तीच फोनचा सांगाडा आणि तीच त्याची अँटेना. बारीक काळ्या फटी ठेवून तिचे भाग पाडले होते. एक भाग वाय-फाय, ब्लूटूथ व जीपीएस यांच्यासाठी, दुसरा टॉवरशी बोलण्यासाठी. या दोहोंना वेगळी ठेवणारी फट डाव्या कडेला खालच्या अंगास होती. फोन डाव्या हातात धरला की तळव्याचा मांसल भाग नेमका तेथेच टेकतो. २४ जूनला विक्री सुरू झाली आणि लगेच तक्रारी आल्या, की फोन हातात धरला म्हणजे रेंज जाते, खाली ठेवला म्हणजे परत येते!

अँटेना हाताखाली आली कशी, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९८३ साली बाजारात आलेल्या मोटोरोलाच्या पहिल्या हातफोनाची अँटेना डोक्यावरच्या तुऱ्यासारखी उभी होती. हात खाली, अँटेना वर. पुढे ओढून काढण्याच्या काड्या आल्या. मग त्याही नकोशा झाल्या आणि १९९९ च्या नोकिया ३२१० सारख्या फोनांनी अँटेना पोटात घेतली. दुसरीकडे, फोनच्या लहरींचा किती अंश शरीरात शिरावा यावर अमेरिकेच्या सरकारी आयोगाने मर्यादा घातली होती : १ ग्रॅम ऊतकामागे सरासरी धरून, किलोला १.६ वॅट. डोक्यापासून दूर राहण्यासाठी अँटेना फोनच्या तळाशी नेणे सोयीचे झाले. पण तळाशी तर हात असतो! डोके वाचवावे तर हात आडवा येतो, अशी ही अडचण होती.

हात आडवा आला म्हणजे दोन गोष्टी होतात, आणि त्यांत गल्लत करता कामा नये. पहिली अशी, की आपले शरीर म्हणजे बहुतांशी खारे पाणी. ते लहरी शोषून घेते. हे प्रत्येक फोनच्या बाबतीत घडते. दुसरी आयफोन ४ च्या घडणीतून आलेली. अँटेनेची लांबी लहरीच्या मापाने बेतलेली असते. तंबोऱ्याची जुळलेली तार मध्येच बोटाने दाबली तर सूर बदलतो. त्याचप्रमाणे उघड्या पट्टीच्या फटीवर ओलसर कातडी टेकली की दोन तुकडे जोडले जातात आणि अँटेना बेसूर होते.

‘आनंदटेक’ या नियतकालिकाच्या परीक्षकांनी जूनच्या अखेरीस हे मोजून दाखवले. आयफोन ४ नेहमीच्या पद्धतीने हातात धरला असता सिग्नल १९.८ डेसिबलने उतरला. साध्या हिशेबात बोलावयाचे तर शक्तीचा जवळजवळ शंभरावा हिस्सा उरला. त्याच कंपनीच्या आधीच्या ‘३ जीएस’ फोनात ही घट अवघी १.९ डेसिबल होती. आणि आयफोन ४ ला कव्हर घातले, म्हणजे कातडी व पोलाद यांच्यात नुसता आडपडदा आला, की घट ७.२ वर आली. शंभरावा नव्हे, पाचवा हिस्सा शिल्लक राहिला.

यावर कंपनीचे पहिले उत्तर काय होते? एका ग्राहकाच्या पत्राला खुद्द जॉब्स यांनी कळवले, की फोन तसा धरू नका. आमच्या ओळखीचेच वाक्य! दुसरे उत्तर २ जुलैला आले : दोष पडद्यावरच्या दांड्यांचा आहे, त्या मोजण्याचे सूत्रच चुकले असून पुष्कळदा दोन दांड्या जास्त दाखवल्या जातात. हे खरे होते, आणि सूत्र सुधारलेही. परंतु तराजू दुरुस्त केल्याने कमी भरलेला माल वाढत नाही.

१२ जुलै रोजी ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ या मासिकाने बाहेरच्या लहरी न शिरणाऱ्या खोलीत फोन तपासून जाहीर केले, की इतर गुणांत हा फोन अव्वल असला तरी आम्ही त्याची शिफारस करू शकत नाही. या मासिकाचे मूळ सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. १९३५ साली न्यू जर्सी राज्यात ‘कन्झ्युमर्स रिसर्च’ या ग्राहकांसाठी माल तपासणाऱ्या संस्थेतच संप झाला. संघटना बांधणाऱ्यांना मालकांनी कामावरून काढले होते. त्या संपकऱ्यांनी व त्यांच्या पाठीराख्यांनी १९३६ मध्ये ‘कन्झ्युमर्स युनियन’ उभी केली, आणि हे मासिक तिचेच. पंचाहत्तर वर्षांनी जगातल्या एका बलाढ्य कंपनीला जाब विचारला गेला, तो संपातून जन्मलेल्या या संस्थेकडून.

चारच दिवसांनी, १६ जुलैला, जॉब्स यांनी पत्रकारांना बोलावले. त्यांची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. इतर कंपन्यांचे फोनही हातात धरल्यावर रेंज गमावतात, हे त्यांनी दाखवले, आणि ते खोटे नव्हते. तीन आठवड्यांत तीस लाखांहून अधिक फोन विकले गेले; अँटेनेची तक्रार दर हजारी पाचसहा जणांनीच कंपनीकडे नोंदवली, असा आकडा त्यांनी दिला. परीक्षणासाठी १० कोटी डॉलर खर्चून १७ प्रतिध्वनिरहित खोल्या बांधल्याचेही सांगितले. मग इतक्या खोल्यांतून दोष निसटला कसा? एका वृत्तसंस्थेने छापले, की कंपनीतल्याच अभियंत्याने आधी धोका सांगितला होता. जॉब्स यांनी ते साफ नाकारले. दुसरी गोष्ट मात्र उघड आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील एका मद्यगृहात विसरलेला नमुन्याचा फोन सापडला, तो गुप्ततेसाठी जुन्या फोनसारख्या दिसणाऱ्या कव्हरात घातलेला होता. कव्हरातला फोन घेऊन हिंडणाऱ्याला उघड्या पट्टीची खोड कशी कळावी?

अखेर फोन घेणाऱ्या प्रत्येकाला ३० सप्टेंबरपर्यंत कव्हर फुकट देण्याचे ठरले. ऑक्टोबर २०११ च्या ‘४ एस’ फोनात दोन अँटेनांपैकी जी चांगली चालेल ती फोन स्वतःच निवडू लागला. फेब्रुवारी २०१२ मध्ये ग्राहकांच्या सामुदायिक दाव्यात तडजोड झाली : १५ डॉलर किंवा कव्हर. रक्कम किरकोळ खरी, पण ‘तसा धरू नका’ येथून सुरू झालेली गोष्ट घडण बदलण्यापर्यंत आली, ती अनेकांनी एकाच वेळी तोंड उघडले म्हणून.

हा फोन धरणाऱ्या हाताची दाद बावीस दिवसांत लागली. तो जुळवणाऱ्या हातांचे काय? त्याच २०१० साली चीनमध्ये फॉक्सकॉनच्या कारखान्यांत दहाहून अधिक तरुण कामगारांनी आपले जीव दिले. त्यानंतर पगारवाढ जाहीर झाली, इमारतींना जाळ्या बांधल्या गेल्या. जाळी बांधणे हेही कव्हर घालण्यासारखेच. घडण तीच राहते.

आता या इतिहासातून घ्यावयाचे काय? २०१६ साली नॉर्डिक मंत्री परिषदेने डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठातील प्राध्यापक पेडरसन यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात फोन डाव्या हातात व उजव्या हातात धरून रेंज वेगवेगळी मोजली आहे, आणि दोन हातांत मोठे फरक आढळले आहेत. आम्हांला हीच रीत खरी वाटते. हत्यार मोजावयाचे ते हातासकट. मग ते मोबाइल असो, प्रेस असो की माग. रिकाम्या खोलीत ते कितीही उत्तम चालो, माणसाच्या हातात आल्यावर त्याचे काय होते, तेच त्याचे खरे माप. आणि हे माप घेताना ज्याचा हात, त्याला विचारले पाहिजे. पुढच्या वेळी आपल्याला कोणी म्हणाले, की तुमचे धरणेच चुकले, तर मान खाली घालण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारा, त्याचेही तसेच होते काय. त्याचेही तसेच होत असेल, तर दोघे मिळून अंगण तपासा.