रॉ फोटो म्हणजे काय? पहिल्या फाइलपासून जेपेगपर्यंत

डोंबिवलीच्या फडके रोडवर गुढीपाडव्याच्या सकाळी कॅमेरा घेऊन उभे राहिलात, तर एकाच चौकटीत अर्धी माणसे उन्हात आणि अर्धी इमारतींच्या सावलीत सापडतात. उन्हातले पांढरे झब्बे नुसते पांढरे ठिपके होतात, भगव्या फेट्यांवरच्या चुण्या दिसेनाशा होतात आणि सावलीतल्या ढोलवादकांचे चेहरे काळवंडतात. घरी येऊन फोटो उजळायला जावे तर चेहऱ्यांवर डाग आणि पट्टे उमटतात. शोभायात्रा पुन्हा वर्षानेच येणार. अशा वेळी फोटो ‘रॉ’ स्वरूपात काढलेले असतील, तर त्यातले बरेच काही परत मिळवता येते. सगळे मात्र नाही.

रॉ म्हणजे कच्चा. हे कोणत्याही शब्दांचे लघुरूप नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते. कोडॅक कंपनीतील शास्त्रज्ञ ब्राइस बेयर यांच्या या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळाले आणि आजचे बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. म्हणजे सेन्सरला पूर्ण रंगीत चित्र कधी दिसतच नाही, त्याला फक्त प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला एवढे कळते. शेजारच्या बिंदूंवरून उरलेले दोन रंग काढायचे, त्यावर कॉन्ट्रास्ट आणि धार चढवायची, मग फाइल दाबून लहान करायची, हा सगळा स्वयंपाक कॅमेरा स्वतः करतो तेव्हा जेपेग तयार होते. रॉ फाइलमध्ये सेन्सरचे मूळ आकडे ठेवलेले असतात आणि स्वयंपाक तुमच्यावर सोडलेला असतो.

फरक किती पडतो? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये ४,०९६ आणि १४ बिटच्या फाइलमध्ये १६,३८४. सावली उजळताना जेपेगमध्ये पट्टे का दिसतात याचे उत्तर इथे आहे: ओढायला पायऱ्याच शिल्लक नसतात.

व्हाइट बॅलन्सचा फायदा तर पहिल्याच दिवशी कळतो. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी, म्हणजे आपल्या तलावपाळीवर, रात्री काढलेले फोटो पिवळे येतात ही नेहमीची तक्रार. जेपेगमध्ये तो पिवळेपणा मुरलेला असतो. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही फाइलला जोडलेली नुसती एक नोंद असते, ती नंतर बदलली तरी काही बिघडत नाही. पण एका बाजूने पिवळा दिवा आणि दुसऱ्या बाजूने निळसर एलईडी असेल, तर एका आकड्याने दोन्ही सुधारत नाहीत. तिथे चेहऱ्याचा भाग वेगळा निवडून दुरुस्त करावा लागतो.

काढताना काय सांभाळायचे

कॅमेऱ्याच्या मेनूत ‘क्वालिटी’खाली रॉ निवडता येते. सुरुवातीचे काही महिने ‘रॉ + जेपेग’ ठेवा. जेपेग लगेच व्हॉट्सॲपवर पाठवता येते आणि आपण केलेले काम कॅमेऱ्याच्या कामाशी ताडून पाहता येते.

खरी शिस्त एक्स्पोजरची. ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत गेलात आणि समोर फ्लेमिंगोंचा थवा आला, तर पिसांचा फिका गुलाबी रंग आणि पाण्यावरची चमक आधी वाचवायची. (खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ आहे.) सेन्सरचा बिंदू एकदा काठोकाठ भरला की त्यापुढची नोंद होतच नाही आणि रॉमध्येही तिथे काही सापडत नाही. उलट फोटो फार काळोखा काढला तर उजळताना दाणे उठतात. सेन्सरचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढतात, त्यामुळे १६,३८४ पैकी निम्म्या पायऱ्या सर्वांत उजळ स्टॉपमध्येच खर्च होतात, त्याखालच्या स्टॉपला उरलेल्याच्या निम्म्या, आणि सावलीच्या वाट्याला अगदी थोड्या. म्हणून पांढरे फुटू न देता शक्य तितका प्रकाश घ्यावा. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम मात्र जेपेगवरून काढलेला असतो. तो ‘फुटले’ म्हणतो तेव्हा रॉमध्ये बहुधा थोडी जागा उरलेली असते. किती, हे आपापल्या कॅमेऱ्यावर करून पाहावे.

आणखी एक अडचण. रॉ फाइल मोठी असते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात साधारण २५ ते ३० एमबी, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर सुमारे २ हजार फोटो. साध्या कॅमेऱ्यात सलग फोटो काढत गेलात तर काही सेकंदांतच तो अडकतो, आणि नेमका त्याच क्षणी थवा उडतो. माझ्या बाबतीत हे दोनदा झाले आहे. तेव्हापासून मी लहान लहान झुबक्यांत फोटो काढतो.

फोनवरही रॉ मिळते. बऱ्याच अँड्रॉइड फोनांच्या प्रो मोडमध्ये आणि आयफोन १२ प्रोपासून पुढच्या प्रो फोनांत डीएनजी फाइल काढता येते. पण फोनचे नेहमीचे फोटो अनेक चौकटी जोडून बनतात. प्रो मोडची एका चौकटीची रॉ फाइल रात्री त्याहून दाणेदार दिसू शकते, त्यामुळे तिथे उगाच हट्ट नको.

संगणकावर

कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू अशी प्रत्येक कंपनीची फाइल वेगळी. ॲडोबीने २००४ मध्ये डीएनजी हे खुले स्वरूप आणले, तरी बहुतेक मोठ्या कंपन्या आपापलेच वापरतात. म्हणून नव्या कॅमेऱ्याची फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. ॲडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरला की बहुतेक वेळा काम भागते. लाइटरूमला दरमहा पैसे मोजावे लागतात. डार्कटेबल आणि रॉथेरपी मोफत आहेत, आणि कॅनन व निकॉन आपल्या ग्राहकांना स्वतःचे सॉफ्टवेअर फुकट देतात. नवख्याने कंपनीच्याच सॉफ्टवेअरपासून सुरुवात करावी असे माझे मत. त्यात रंग कॅमेऱ्यासारखे येतात आणि गोंधळ कमी होतो.

फाइल उघडली की फोटो क्षणभर छान दिसतो आणि मग डोळ्यांदेखत फिका पडतो. घाबरू नका, काही बिघडलेले नाही. आधी दिसले ते रॉच्या पोटातले छोटे जेपेग होते, नंतर दिसतो तो कच्चा माल. आधी व्हाइट बॅलन्स ठीक करा, मग एकूण उजेड, मग फुटू पाहणारे पांढरे खाली आणि सावली वर. सावली फार वर ओढली की फोटो सपाट आणि खोटा दिसतो, तेव्हा थोडा काळोख राहू द्या. दाणे कमी करणे आणि धार चढवणे शेवटी, तेही फोटो १०० टक्के मोठा करून. हललेला किंवा फोकस चुकलेला फोटो रॉ असला तरी दुरुस्त होत नाही. वेबसाठी देताना एसआरजीबी रंगपट्टा निवडा, नाहीतर दुसऱ्याच्या पडद्यावर रंग मळके दिसतात.

या सगळ्यात मूळ रॉ फाइल बदलत नाही. बदल वेगळे लिहिले जातात. डार्कटेबल ते फाइलशेजारी एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्येही ठेवते. फोटो दुसऱ्या डिस्कवर नेताना ती फाइल मागे राहिली, तर तिकडे केलेले काम दिसत नाही.

मूळ फाइल जपण्याला आणखी एक कारण आहे. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या टप्प्यात आलेल्यांकडून मूळ फाइली मागवतात. २०१५ मध्ये अंतिमपूर्व फेरीतले सुमारे २० टक्के फोटो या तपासणीत बाद झाले. स्पर्धेला पाठवणार नसलात तरी दोन वेगळ्या ठिकाणी प्रती झाल्याशिवाय कार्ड पुसू नका.