आवडीचा कारखाना

चेन्नईहून पुण्या-मुंबईकडे निघालेली आगगाडी पेरांबूर, विल्लिवाक्कम, अंबत्तूर ही स्थानके मागे टाकीत आवडीवरून पुढे जाते. सुटीवर गावी निघालेल्या आम्हां मराठी मंडळींचे लक्ष त्या वेळी बहुधा ट्रंका बाकाखाली सरकविण्यात अथवा शेजारच्या प्रवाशाशी जागेचा तह करण्यात गुंतलेले असते. त्यामुळे स्थानकाचे नाव वाचून ‘काय गोड नाव आहे!’ एवढाच उद्गार निघतो, आणि आवडी मागे पडते. मराठी कानांस हा शब्द प्रीतीचा वाटावा यात नवल नाही. परंतु ज्या गावाचे नाव आपण असे लाडाने उच्चारतो, त्या गावी भारताचा रणगाडा जन्मास आला, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते.

आम्ही राहतो ते सिरुसेरी याच महानगराच्या दक्षिण टोकास, महाबलिपुरमच्या जुन्या रस्त्यावर आहे. येथे सिपकॉटने वसविलेले संगणक-उद्योगाचे उद्यान असून टाटा कन्सल्टन्सीच्या भव्य इमारती दुरून नजरेत भरतात. सहस्रावधी तरुण, त्यांत मराठी तरुणही पुष्कळ, रोज या वास्तूंत शिरतात आणि दिवसभर काहीतरी घडवून बाहेर पडतात. परंतु जे घडते ते डोळ्यांस दिसत नाही आणि काट्यावर तोलता येत नाही. कदाचित याच कारणाने शहराच्या दुसऱ्या टोकास जे लोखंड कापले, वाकविले आणि सांधले जाते, त्याच्या इतिहासाकडे आमचे मन ओढले गेले असावे.

प्रथम नावाविषयीचा एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. ‘आवडी’ ही चिलखती वाहनांच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांची मोळी होय, असे येथील सुशिक्षित मंडळीही मोठ्या विश्वासाने सांगतात. व्युत्पत्ती सुबक आहे, पण टिकणारी नाही. कारखान्याची स्थापना १९६१ची. आणि त्याच्या सहा वर्षे आधी, जानेवारी १९५५मध्ये, काँग्रेसचे सुप्रसिद्ध अधिवेशन ‘आवडी’ याच नावाच्या स्थळी भरलेले होते. जे नाव बारशापूर्वीच प्रचारात होते ते मुलामुळे पडले असे म्हणता येत नाही.

त्या अधिवेशनाचे अध्यक्ष ढेबरभाई होते. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव तेथे संमत झाला, आणि त्याच विचाराच्या छायेत दुसरी पंचवार्षिक योजना आकारास आली. अवजड उद्योगांचा पाया सरकारने घालावा, हा त्या योजनेचा गाभा. त्या काळी देशाचे अर्थखाते चिंतामणराव देशमुखांच्या हाती होते हे मराठी वाचकांस सांगावयास नको. पुढे १९५६मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी दिलेला राजीनामाही आपणांस चांगला स्मरतो. ठराव पुष्कळ गावी होतात. पण ज्या गावी ठराव झाला त्याच गावी त्या ठरावाचा लोखंडी अवतार काही वर्षांत उभा राहावा, असा योग विरळा.

तोफा ओतणे वा घडविणे हे या भूमीस नवे नव्हते. तंजावरच्या पूर्व वेशीपाशी एक प्रचंड तोफ आजही पडून आहे. ती ओतीव नव्हे. लोखंडाच्या पट्ट्या आणि कडी तापवून, ठोकून, एकमेकांत सांधून ती केलेली आहे. लांबी सुमारे ८ मीटर. ती नायक राजांच्या काळची, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. पुढे व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले तेव्हा किल्ल्याबरोबर तीही भोसल्यांच्या वारशात आली. ज्या लोहारांनी ती घडविली त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि त्यांच्या विद्येची परंपराही राहिली नाही.

याहून अधिक बोलका दाखला महादजी शिंद्यांचा आहे. द बॉइन या सेनानीकडून त्यांनी कवायती पलटणी तयार करविल्या आणि आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतविल्या. त्या तोफा उत्तम होत्या. १८०३मध्ये असईच्या रणात त्यांचा मारा सोसणाऱ्या इंग्रजांनीच त्याची साक्ष दिली आहे. परंतु त्याच वर्षी शिंद्यांच्या पदरचे युरोपीय अधिकारी ऐन युद्धात त्यांना सोडून गेले. खुद्द सेनापती पेरों इंग्रजांच्या आश्रयास गेला. लासवारीस पलटणी जवळजवळ नायकाविना लढल्या, आणि अशा लढल्या की लेकसारख्या शत्रूने त्यांची वाखाणणी केली. तोफा आपल्या, गोलंदाज आपले, रक्तही आपले. मात्र विद्या आणि हुकूम भाड्याचे! आवडीच्या कारखान्याकडे पाहताना आम्हांस आग्र्याच्या त्या भट्टीचे वारंवार स्मरण होते.

१९६१मध्ये भारत सरकारने विलायतेतील विकर्स कंपनीशी करार केला. कंपनीने मध्यम वजनाचा रणगाडा आखून द्यावा, आरंभीचे काही तेथेच बांधून पाठवावे, आणि पुढील उत्पादन भारतात व्हावे, असे त्याचे स्वरूप होते. त्यासाठी आवडीची निवड झाली. हे स्थळ सरहद्दीपासून शक्य तितके दूर. मुंबई आणि बेंगळूर या दोन्ही दिशांचा लोहमार्ग दाराशी. दुसऱ्या महायुद्धापासून लष्कराचा तेथे वावर. आणि पेरांबूरचा रेल्वे-डबे बांधण्याचा कारखाना १९५५पासून जवळच चालू असल्याने पोलादी पत्रा हाताळणारा कामगार परिसरात निर्माण होत होता. आमच्या मते ही कारणे पुरेशी आहेत. कोणा मंत्र्याच्या प्रांताभिमानाचा शोध घेण्याचे कारण नाही.

रणगाडा म्हणजे चाकांवर बसविलेली तोफ, अशी सर्वसामान्य कल्पना असते. वस्तुतः त्यात तीन निरनिराळे उद्योग एकवटलेले असतात. एक चिलखताचा: जाड पोलादी पत्रे अचूक कोनांत कापून असे सांधावयाचे की सांधा पत्र्याइतकाच बळकट राहावा. असल्या पोलादाचे वेल्डिंग फार हट्टी असते. तापमान चुकले तर सांध्यापाशी सूक्ष्म चीर राहते, आणि ती गोळा लागेपर्यंत दिसत नाही. दुसरा उद्योग चालनाचा: इंजिन, दंतचक्रे, साखळपट्टे आणि धक्के झेलणारे पिळाचे पोलादी दांडे. तिसरा तोफेचा. या तिघांची गाठ पडते ती बुरुजाच्या कड्यापाशी. हे कडे हातभर रुंदीचे नव्हे, माणूस आत उभा राहील एवढ्या व्यासाचे. आणि ते केसभर वाकडे झाले तर टनावारी वजनाचा बुरूज अडखळतो व नेम चुकतो. एवढे मोठे काम एवढ्या नाजूक मापात करणारी यंत्रे, ती चालविणारे हात आणि माप तपासणारे डोळे, हे सारे जमविणे हाच त्या कारखान्याचा पहिल्या वर्षांतला खरा पराक्रम होय. त्याचे पोवाडे कोणी गाइले नाहीत.

आणि कागद! आम्ही लेखणीवर जगणारी माणसे. म्हणून आम्हांस याचे विशेष वाटते. परक्या कंपनीचा आराखडा घेणे म्हणजे ड्रॉइंगांचा डोंगर घेणे. प्रत्येक सुट्या भागाचे माप, धातू, उष्णोपचार, तपासणीची रीत, मंजूर फरक, सारे कागदावर. आणि एका कागदावर दुरुस्ती झाली की ती इतर कागदांवर उतरलीच पाहिजे. फायलीत एक पृष्ठ चुकले तर आपल्याकडे फार तर एखाद्याची वेतनवाढ लांबते. येथे चुकले तर बुरूज बसत नाही.

हे सारे जुळत असतानाच १९६२चा ऑक्टोबर उजाडला. चीनच्या आक्रमणानंतर कृष्ण मेनन गेले आणि नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या हाकेस सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हा घरोघर झाले होते. पुढे १९६४पासूनची पंचवार्षिक संरक्षण योजना आखली गेली. सव्वाआठ लाखांचे भूदल आणि ४५ विमानपथके हे तिचे लक्ष्य होते. याच सुमारास आपल्याकडे वरणगाव, भंडारा, अंबाझरी येथील दारूगोळ्याचे कारखाने उभे राहिले. खडकीचा तर १८६९पासूनचा. पुढे देशातील ४१ आयुधनिर्माण्यांपैकी १० एकट्या महाराष्ट्रात होत्या आणि ६ तामिळनाडूत. तोफखान्याचे अन्न आपल्याकडचे आणि रणगाडा इकडचा, असा हा सोयरसंबंध आहे.

सप्टेंबर १९६५च्या युद्धास आवडीचा रणगाडा मिळाला नाही. त्या रणात आपल्याकडे मुख्यतः विलायती सेंचुरियन आणि अमेरिकी शर्मन होते. मुंबईत जन्मलेले, पूना हॉर्सचे सेनानी लेफ्टनंट कर्नल तारापोर १६ सप्टेंबर रोजी चविंड्याच्या परिसरात धारातीर्थी पडले ते सेंचुरियनवरच. वर्ष सरता सरता, डिसेंबरात, आवडीहून पहिला रणगाडा बाहेर पडला. त्याचे नाव विजयंता. (मराठी घरात हे नाव मुलीस शोभले असते, असो.) वजन सुमारे ४० टन, आत चार माणसे, १०५ मिलिमीटरची तोफ. अंतर मोजण्याची युक्ती गमतीची होती: तोफेच्या जोडीस एक जड मशीनगन बसविलेली असे, तिच्या गोळ्या लक्ष्यावर पडू लागल्या की अंतर बरोबर जमले असे समजून मग तोफ डागावयाची. चिलखत मात्र बेताचे होते, कारण वजन आणि खर्च आटोक्यात ठेवणे ही विकर्सच्या आराखड्याची अटच होती. पुढील सुमारे दोन दशकांत असे १०००हून अधिक रणगाडे तयार झाले.

विजयंता हा जगातील श्रेष्ठ रणगाडा होता असे कोणी म्हणत नाही. त्याच्या लेलँड इंजिनाविषयी फौजेच्या तक्रारी होत्या, आणि १९७१मध्ये बसंतरच्या प्रसिद्ध झुंजीत पूना हॉर्सजवळ पुन्हा सेंचुरियनच होते, विजयंता नव्हे. तथापि एका गोष्टीत तो आग्र्याच्या तोफांहून भाग्यवान ठरला. विकर्सचे लोक परत गेले, आणि कारखाना चालूच राहिला. एवढेच नव्हे तर आवडीकरांनी त्याच सांगाड्यात फेरफार करून त्यावर १३० मिलिमीटरची रशियन तोफ बसविली. त्या वाहनाचे नाव ‘कॅटापल्ट’. पूल टाकणारा ‘कार्तिक’ही त्याच कुळातला. ज्यास केवळ नक्कल येते त्यास नक्कल फिरविता येत नाही. हा फेरफार आम्ही मूळ रणगाड्याहून अधिक मोलाचा मानतो.

त्यानंतरचा प्रवास मात्र सरळ रेषेचा नाही. रशियन टी-७२ ‘अजेय’ नावाने आवडीस बांधला जाऊ लागला. त्याच्या इंजिनांसाठी १९८७मध्ये शेजारी स्वतंत्र कारखाना निघाला. पुढे २००१च्या करारानुसार टी-९० ‘भीष्म’ आला, आणि २००९मध्ये येथे संपूर्ण उत्पादन झालेले पहिले १० भीष्म फौजेस मिळाले. म्हणजे एका परवान्यातून दुसऱ्या परवान्यात. दरम्यान आवडीच्याच संशोधन संस्थेकडे १९७४मध्ये संपूर्ण स्वदेशी रणगाड्याचे काम सोपविले गेले होते. मंजूर रक्कम साडेपंधरा कोटी रुपये. तोच अर्जुन. तो फौजेच्या हाती पडू लागला २००४मध्ये, तीस वर्षांनी! या काळात फौजेच्या अपेक्षा वाढत गेल्या, वजन ५८ टनांपलीकडे गेले, आणि इंजिन अखेर जर्मन घ्यावे लागले. त्यास हसणारे पुष्कळ आहेत. आम्ही हसत नाही. परक्याचे ड्रॉइंग वाचणे आणि कोऱ्या कागदावर पहिली रेघ ओढणे, यांतील अंतर तीस वर्षांचे असते, एवढाच अर्थ आम्ही त्यातून घेतो. २०२१मध्ये सुधारलेल्या ११८ अर्जुनांची मागणी नोंदविली गेली.

आवडीचा माल वापरण्याची विद्या मात्र आपल्याच मुलुखात शिकविली जाते. चिलखती दलाचे केंद्र आणि विद्यालय अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास आहे. तेथे १९९४मध्ये उघडलेल्या रणगाडा-संग्रहालयात निवृत्त विजयंता उभा आहे. मुले त्याच्याजवळ उभी राहून छायाचित्रे काढून घेतात. सर्वच निवृत्त विजयंतांच्या नशिबी असा निवांतपणा आला नाही. काहींना सरहद्दीवर जमिनीत पुरून त्यांच्या तोफा स्थिर बुरुजांसारख्या कामी लावल्या गेल्या.

येथील आयुधपूजा आणि आपली खंडेनवमी एकाच दिवशी येतात. तामिळनाडूतल्या कारखान्यांतून त्या दिवशी लेथ, प्रेस, वेल्डिंगची यंत्रे धुऊनपुसून त्यांस चंदन-कुंकू लावतात, कोहळा फोडतात, चुरमुरे-डाळे वाटतात. आपल्या घरी आता पूजेस बहुधा विळी आणि स्कूटरच उरली आहे. २०२१मध्ये या सणास निराळाच रंग चढला होता. १ ऑक्टोबर रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या, आणि १५ ऑक्टोबरास, विजयादशमीच्या दिवशी, त्यांचे राष्ट्रार्पण झाले. या बदलास कामगार संघटनांचा विरोध होता. संपाची हाक उठताच त्याच वर्षी संरक्षण-उत्पादनातील संपांवर निर्बंध घालणारा अध्यादेश निघाला आणि पुढे त्याचा कायदा झाला. चिलखती वाहनांच्या नव्या कंपनीचे मुख्यालय आवडीस आले. एरवी हुकूम कोलकात्याहून येत असत.

सरकारी नोकरीत उमेदवारी करून आत शिरलेले सुमारे ७०,००० कर्मचारी त्या एका रात्रीत, जागेवरून न हलता, ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर गेले. आपल्यासारख्यांना हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बदली होते तेव्हा माणूस हलतो आणि कचेरी जागेवर राहते. येथे माणूस जागेवर राहिला आणि कचेरी हलली. वेल्डिंग करणारा तोच, माप तपासणारा तोच, सेवापुस्तिकेतील नोंदी करणारा कारकूनही तोच. या प्रतिनियुक्तीची मुदत प्रारंभी दोन वर्षांची ठरली होती. ती त्यानंतर पुन्हा वाढविण्यात आली.