अरेथा फ्रँकलिन : मान आणि मोबदला

काळ्या माणसाचे गाणे गोऱ्या अमेरिकेने आवडीने ऐकले. त्याचे माणूसपण मात्र नाकारले. अरेथा फ्रँकलिन (१९४२-२०१८) यांच्या गायनाचा विचार या विसंगतीपासूनच सुरू करावा लागतो. जन्म मेम्फिसचा, वाढ डेट्रॉइटची. वडील सी. एल. फ्रँकलिन बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि १९६३ च्या डेट्रॉइटमधील नागरी हक्क मोर्चाचे एक संघटक. चर्चमधील भक्तिगीतांनी अरेथांचा गळा घडविला.

'रिस्पेक्ट' हे गाणे मुळात ओटिस रेडिंग यांचे, १९६५ चे. त्यात घरी परतणारा पुरुष बायकोकडून मान मागतो. १९६७ मध्ये अरेथांनी ते उलटविले. आता मान मागणारी स्त्री होती, आणि तिच्या स्वरात याचना नव्हती. काळ्यांच्या आणि स्त्रियांच्या चळवळींनी ते गाणे आपलेच मानले.

ही मागणी गाण्यापुरती नव्हती. काळ्या कलावंतांची बिदागी बुडविली जाते हे त्या जाणून होत्या. म्हणून आधी रोख रक्कम घेत, मगच गात. १९७० मध्ये अँजेला डेव्हिस तुरुंगात असता त्यांचा जामीन भरण्याची तयारी अरेथांनी जाहीर केली. आपला पैसा काळ्या लोकांकडून आला, तो त्यांच्याच कामी यावा, ही त्यांची भूमिका होती.

तरीही अमेरिकी कायद्यानुसार, रेडिओवर गाणे वाजले की मोबदला गीतकार व प्रकाशकाला मिळतो, गायकाला नाही. 'रिस्पेक्ट' रेडिओवर अखंड वाजत राहिले. त्यापोटी अरेथांच्या हाती काही आले नाही. कलेचे कौतुक म्हणजे कलावंताचा हक्क नव्हे, हे आपणही ध्यानात ठेवले पाहिजे.