दंडार : काठी कुणाची, नाव कुणाचं?

राजशेखराची ‘कर्पूरमंजरी’ हल्ली प्राकृत शिकणाऱ्यांच्या अभ्यासक्रमापुरतीच उरली आहे. नवव्या-दहाव्या शतकाच्या सांध्यावरचं हे सट्टक, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत प्राकृतात लिहिलेलं नाटक. गोष्ट नेहमीचीच आहे : राजा, राणी आणि राजाच्या डोळ्यांत भरलेली नवी राजकन्या. ती सोडून द्या. चौथ्या अंकात वटसावित्रीच्या उत्सवाची तयारी चाललेली आहे. राणीचा निरोप येतो, राजा केलिविमान नावाच्या प्रासादावर चढतो आणि विदूषकाबरोबर खालचे नाच बघत बसतो. तिथं मला आमची दंडार सापडली.

बत्तीस नर्तकी गोल फिरत, निरनिराळे बंध घेत नाचताहेत आणि त्यांची पावलं तालामागून चालली आहेत. या नाचाला राजशेखर नाव देतो दंडरास. लगेच पुढं दुसऱ्या नर्तकी येतात. खांदे, डोकी, हात एका रेषेत धरून त्या दोन रांगा करतात आणि एकमेकींसमोर तोंड करून नाचतात. हुडुक्का वाजते, मर्दळ वाजतो. इथपर्यंत वाचून कुणालाही गुजरातचा दांडियाच आठवेल. मलाही आठवला. पण त्याच वर्णनात आणखी एक टोळी येते. अंगाला काजळी फासलेली, हातात धनुष्यबाण, अंगावर मोरपिसांचे दागिने. या नर्तकींनी पुलिंदांचं, म्हणजे रानातल्या लोकांचं, सोंग घेतलंय आणि त्या बघणाऱ्यांना हसवताहेत.

दिवाळीच्या दिवसांत जिवती, कोरपना, राजुरा या बाजूला कधी गेला असाल, तर ही टोळी तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. तिथं तिला गुसाडी म्हणतात. डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट, त्याचं नाव मलबुरा. गोंडीत मल म्हणजे मोर. अंगाला राख नि कोळसा, खांद्यावरून कातडं, हातात काठी. व्रताच्या दिवसांत गुसाडी अंघोळ करत नाही. तो नाचतो, लोकांच्या खोड्या काढतो, हसवतो. आणि तो ज्या मेळ्याबरोबर गावोगाव फिरतो, त्या मेळ्याला आणि नाचाला गोंड म्हणतात दंडारी.

एका बाजूला दंडरास आणि मोरपिसं ल्यालेला, काळ्या अंगाचा, हसवणारा पुलिंद. दुसऱ्या बाजूला दंडारी आणि मोरपिसं ल्यालेला, काळ्या अंगाचा, हसवणारा गुसाडी. एकाच प्रसंगात या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी याव्यात, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

राजशेखर आपल्याला अगदीच परकाही नव्हे. तो कनौजच्या महेंद्रपालाच्या दरबारी होता हे खरं, आणि नाटकही त्यानं चौहान कुळातल्या आपल्या पत्नीच्या, अवंतिसुंदरीच्या, इच्छेखातर रंगभूमीवर आणलं. पण आपल्या पणजोबाला, अकालजलदाला, तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणवतो. आणि नाटकातल्या राजकन्येला, कर्पूरमंजरीला, भैरवानंद हा मांत्रिक मंत्रबळानं उचलून आणतो ती वच्छोमहून. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. वऱ्हाडातली पोर नायिका करणाऱ्या माणसाला वऱ्हाडाच्या पूर्वेकडचं रान ठाऊक नसावं, असं मला वाटत नाही.

आता दंडार म्हणजे काय ते थोडक्यात, कारण विदर्भात राहणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. गोंडांची दंडारी कोजागिरीच्या आगेमागे सुरू होते नि दिवाळीला संपते. एका गावचा मेळा दुसऱ्या, बहुधा सोयऱ्यांच्या, गावी जातो. पाहुणे आणि यजमान मिळून नाचतात. यवतमाळकडचे कोलाम दंडार करतात. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गोंदियापासून ब्रह्मपुरी, वडसा, कुरखेड्यापर्यंतच्या भाताच्या मुलखात, दंडार म्हणजे रात्रभर चालणारा गाणं, नाच, नकला आणि सोंगांचा खेळ. बायकांची सोंगं पुरुषच घेतात. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या याच दंडारीच्या पोटी जन्मल्या, आणि त्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पलीकडं तेलंगणात मारलवाईच्या कनका राजू यांना गुसाडी नाचासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली होती. पलीकडं म्हटलं खरं, पण राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. नाचाला ही सीमा कधी समजलीच नाही.

आता नावाचा झगडा.

माझं म्हणणं सरळ आहे : दंडरास या नावाचं घासून दंडार झालं. यावर भाषेच्या जाणकाराचा पहिला हल्ला ठरलेला आहे. रासमधला ‘स’ गेला कुठं? मराठीत शेवटचा स असा हवेत विरत नाही. कापूस कापूसच राहिला, आळस आळसच राहिला. हल्ला खरा आहे आणि माझ्याजवळ त्याला पोलादी ढाल नाही. त्यापेक्षा दंडधारी घ्या, असं हा जाणकार सांगेल. प्राकृतात ध चा ह होतो. दंडधारीचं दंडहारी, ह गळाला की दंडारी. एक अक्षर वाया जात नाही. किंवा कुंभकारचा कुंभार आणि लोहकारचा लोहार झाला, तसा दंडकारचा दंडार.

दंडकार मी लगेच बाद करतो. कुंभार, लोहार, सोनार ही माणसं आहेत, आणि पुल्लिंगी आहेत. दंडार ही ‘ती’ आहे आणि ती माणूस नाही, खेळ आहे. दंडधारी मात्र तगडा गडी आहे. गोंडांमध्ये दंडारी म्हणजे मेळाही आणि नाचही, तेव्हा ‘काठी धरणारे’ हा अर्थ तिथं चपखल बसतो. निव्वळ ध्वनींच्या तराजूत त्याचंच पारडं जड, हे मान्य करतो. पण मग झाडीपट्टीत नि कोलामांत ‘दंडार’ हे आखूड रूप कुठून आलं? आणि मुख्य म्हणजे, नाचाचं नाव म्हणून दंडधारी मला कुठल्या जुन्या ग्रंथात भेटलेला नाही. दंडरास मात्र राजशेखराच्या नाटकात मोरपिसांच्या शेजारी उभा आहे. व्याकरणात पक्का पण प्रसंगाला गैरहजर, असा हा साक्षीदार आहे. मी हजर असलेल्याची बाजू घेतो, त्याचं बोलणं थोडं अडखळत असलं तरी. स गेला तो बोलण्याच्या घाईत आणि फुगडी, टिपरी, लावणी यांच्या स्त्रीलिंगी गोतावळ्यात बसण्याच्या नादात, असं मी धरून चालतो.

तिसरा दावेदार दंडकारण्य. ऐकायला फार गोड. दंडकारण्यातला नाच म्हणून दंडार, की झालं. पण यवतमाळच्या कापसाच्या काळ्या रानात दंडकारण्य कुणी आणलं? शिवाय रानाच्या नावावरून नाचाचं नाव पडण्याची चाल आपल्याकडं दिसत नाही. ओडिशातल्या गंजामकडचा दंडनाट हा चौथा. तिथला दंड म्हणजे देहदंड. तो व्रताचा खेळ चैत्रातला आहे आणि त्यात अंगाला त्रास करून घेणं मुख्य. आमच्या दंडारीत त्रास होतो तो फक्त यजमानाच्या कोठारातल्या तांदळाला.

समोरासमोरच्या दोन रांगा पाहून व्युत्पत्ती लावण्यात केवढा धोका आहे, याचा एक धडा परदेशात आहे. इंग्लंडातल्या खेडवळ नाचांचं पुस्तक जॉन प्लेफर्डनं १६५१ मध्ये छापलं. या नाचांना तिकडं ‘कंट्री डान्स’, म्हणजे गावरान नाच म्हणत. ते फ्रान्सला गेले तेव्हा फ्रेंचांनी त्याचं ‘काँत्रदाँस’ केलं, कारण काँत्र म्हणजे समोर, विरुद्ध. आणि नाचणारे समोरासमोर तर होतेच! अमेरिकेत त्याच नावाचं काँट्रा झालं. पुढं विद्वानांनी उलटी गंगा वाहवली : मूळ शब्द फ्रेंच, इंग्रजांनी तो बिघडवला, असं ते सांगू लागले. इंग्रजी नाव आधीचं आहे हे सिद्ध व्हायला बराच काळ जावा लागला. म्हणून मी माझी भिंत दोन रांगांवर उभी करत नाही. मोरपिसांवर करतो.

आणि एका दुसऱ्या काठीवर. हा भाग मला नावाच्या झगड्याहून जास्त आवडतो.

व्हेरियर एल्विन यांचं मुरिया गोंडांच्या घोटुलावरचं पुस्तक १९४७ चं. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये पौषात मुरिया पोरं हातात काठ्या घेऊन गावोगाव नाचत फिरतात, त्याचं त्यात तपशीलवार वर्णन आहे. त्या नाचाचं नाव कोलांग. द्राविडी भाषांत कोल म्हणजे काठी; तेलुगूतला कोलाटम त्याच काठीचा, आणि गोंडीत कोला म्हणजे विळ्या-नांगराचा दांडा. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांचं आदिलाबादच्या राजगोंडांवरचं पुस्तक आलं. तिथं मेळे निघतात दिवाळीच्या तोंडाला, पण चाल तीच : काठ्या, गावोगावचा प्रवास, रात्रीचं नाचणं, पाहुणचार. आणि नाव दंडारी.

म्हणजे गोंडांकडं काठीचा नाच आणि त्याला आपलं नाव, दोन्ही होतं. पूर्वेकडं, जिथं मराठीचा वारा कमी, तिथं तो कोलांग राहिला. पश्चिमेकडं, जिथं हाटबाजार मराठीत चालतो, तिथं शेजाऱ्याच्या काठीचं नाव लागलं. पण जुनं नाव पुरतं गेलं नाही असा माझा वहीम आहे. दंडारीचा शेवटचा विधी होतो, पूजा करून सोंगं उतरवून ठेवतात, त्याला गोंड ‘कोलाबोडी’ म्हणतात. त्यातल्या कोलामध्ये मला काठीच दिसते. सुरुवात पाहुण्या शब्दानं आणि समारोप घरच्या शब्दानं.

दंड तरी निर्भेळ संस्कृत आहे का? त्याचं नातं कुणी ग्रीकमधल्या देंद्रोनशी, म्हणजे झाडाशी, लावतात; कुणी तमिळमधल्या तंडु या काठीशी. दुसरा पक्ष खरा असेल तर दक्षिणेची काठी संस्कृतात गेली, प्राकृतातून मराठीत आली आणि मराठीनं ती गोंडांना नवी म्हणून विकली. मला हा पक्ष पटतो, पण त्यावर पैज लावणार नाही.

तर माझा निवाडा असा : नाच आणि सोंग रानातून दरबारात गेलं, आणि नाव दरबारी भाषेतून रानात आलं. राजशेखराच्या नर्तकी पुलिंदांची नक्कल करताहेत. नक्कल नेहमी अस्सलानंतरची असते. यावर आक्षेप दोन. पुलिंद विंध्यातले, गोंडांशी त्यांचं नातं कोण जोडणार? आणि मधल्या हजार वर्षांचं काय? पहिल्याला उत्तर असं की दरबारी कवीला रानातला प्रत्येक माणूस पुलिंद नाहीतर शबरच दिसतो. दुसऱ्यापुढं मी हात टेकतो. वाटेत दोनच दिवे आहेत. गोदावरीपलीकडच्या वरंगळात, म्हणजे सिरोंच्याच्या खालच्या अंगाला, काकतीय गणपतिदेवाचा गजसेनापती जाय यानं १२५३-५४ मध्ये ‘नृत्तरत्नावली’ लिहिली. तीत देशी नृत्यांमध्ये रासक आहे, चर्चरी आहे. आणि गुजरातेत १२७१ च्या ‘सप्तक्षेत्रिरासु’त काठ्यांचा रास येतो, पण लकुटरास या नावानं. मला हे महत्त्वाचं वाटतं : आज दांडिया म्हणणारा गुजरात तेव्हा लकुट म्हणत होता, आणि दंड हे नाव त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी राजशेखराच्या तोंडी होतं. दंडार गुजरातेतून आली असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

राहिले वाजवणारे. कुळकथांमध्ये त्यांना नेहमी शेवटची पंगत मिळते, तशी इथंही मिळतेय, आणि खरं तर पुरावा त्यांच्याकडंच आहे.

अमेरिकेत काँट्रा आणि स्क्वेअर नाचांची शिबिरं भरतात. एकमेकांना न ओळखणारी माणसं येतात, म्हणून फिडलवाल्यांच्या शेजारी एक जण उभा राहून पुढची चाल ओरडून सांगतो. त्याला कॉलर म्हणतात. या कॉलरचा एक जुना उल्लेख न्यू ऑर्लिन्सचा आहे. वास्तुशिल्पी बेंजामिन लाट्रोबनं १८१९ मध्ये तिथल्या नाचघरात पाहिलेला एक काळा वादक उभ्यानं डफासारखं वाद्य वाजवता वाजवता चाली पुकारत होता. त्याचा आवाज लाट्रोबच्या कानाला मुळीच रुचला नाही. म्हणजे पुकारा करणारा आणि वाजवणारा आधी एकच होता; पुढं काहींनी वाद्य खाली ठेवलं आणि नुसता आवाज ठेवला. झाडीपट्टीच्या दंडारीतही शब्दाला मान आहे : शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ती झेलतात. गोंडांच्या दंडारीत मात्र पुकारा ढोलाचाच. दोन गावचे लोक एका अंगणात नाचतात, तोंडानं कुणी काही सांगत नाही; ठेका बदलला की चाल बदलते. राजशेखराच्या नर्तकींची पावलं तालामागून जातात ती अशीच. त्याच्या मर्दळाचं गोत्रही इथंच नांदतं : बस्तरचा मांदरी नाच मांदर या ढोलाच्या नावाचा आहे.

खेळाचं नाव बाहेरच्यांना सांगायचं असतं, म्हणून ते शेजाऱ्याच्या भाषेत जातं. ठेक्याचं नाव वाजवणारे आपसात वापरतात, ते बदलायचं कुणाला कारण नसतं. त्या नावांत दंड निघतो की कोल, यावर माझी सगळी इमारत उभी राहील किंवा पडेल. जिवती, कोरपना, राजुऱ्यात किंवा भामरागड-एटापल्लीकडं राहणाऱ्या वाचकांना म्हणून एक विनंती. या दिवाळीत दंडारी बघायला जाल तेव्हा मोरपिसांचे फोटो पुष्कळ जण काढतील. तुम्ही ढोलवाल्याशेजारी बसा. प्रत्येक ठेका मोबाइलवर वेगळा ध्वनिमुद्रित करा, त्याला तो काय म्हणतो ते त्याच्याच तोंडून बोलून घ्या, आणि गावाचं नाव नि तारीख जोडायला विसरू नका.