फिलाडेल्फियाची पेढी व तिचा मनोरा

पेढीची इमारत कशी असावी याविषयीं पाश्चात्य देशांत एक ठराविक समजूत दीर्घकाळ रूढ होती. दर्शनी बाजूस ग्रीक धर्तीचे दगडी खांब, आंत उंच छताचें दालन आणि प्रवेशास जड धातूचे दरवाजे, असा तो थाट असे. देवळांत शिरल्यासारखें वाटून ठेवीदारानें आपला पैसा निर्धास्तपणें स्वाधीन करावा, हा त्यामागील हेतु. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं १९३२ सालीं पुऱ्या झालेल्या एका मनोऱ्यानें ही समजूत मोडली. विश्वास दगडांत असतो कीं व्यवहारांत, हा प्रश्न त्याच्या इतिहासानें उभा केला असल्यामुळें तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटी ही पेढी १८१६ सालीं निघाली, ती धनिकांसाठीं नव्हे. मजूर, कारागीर, घरकाम करणारीं माणसें यांच्या अल्पस्वल्प शिलकेस सुरक्षित जागा व थोडें व्याज मिळावें, एवढाच तिचा उद्देश होता. संस्थापकांपैकीं काँडी रागे यांचा कृष्णवर्णीय नोकर कर्टिस रॉबर्ट्स हा तिचा पहिला ठेवीदार, आणि त्याची ठेव पांच डॉलरांची. अशा ठेवींवर ही पेढी शतकाहून अधिक काळ वाढत गेली.

पुढें मार्केट स्ट्रीट व बारावा रस्ता यांच्या नाक्यावर नवें मुख्यालय बांधण्याचें ठरलें. जुन्या अभिजात पद्धतींत तयार झालेले जॉर्ज हौ आणि स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेले नव्या मताचे विल्यम लेस्काझ हे त्याचे वास्तुशिल्पी. पेढीचे अध्यक्ष जेम्स विलकॉक्स यांस मनोऱ्याच्या उभ्या रेषा स्पष्ट दिसावयास हव्या होत्या. लेस्काझ यांचा ओढा आडव्या रेषांकडे. अखेर लांब बाजूंचे खांब भिंतीबाहेर आणून उभेपणा राखला, आणि दर्शनी भागीं खिडक्यांच्या आडव्या पट्ट्या ठेवल्या. ही तडजोड इमारतीस मानवली, असें आम्हांस वाटतें.

छत्तीस मजल्यांच्या या इमारतींत तळमजला दुकानांस दिला व पेढीचें दालन वरच्या मजल्यावर नेलें. ठेवीदारानें तेथें सरकत्या जिन्यानें जावें, अशी सोय केली. हवा थंड राखण्याची यंत्रणा असलेल्या अमेरिकेंतील अगदीं पहिल्या उंच इमारतींत हिची गणना होते. माथ्यावरील यंत्रसामग्री झांकण्यासाठीं पेढीच्या नांवाचीं चार आद्याक्षरें सत्तावीस फूट उंचीचीं करून लाल निऑन दिव्यांनीं उजळलीं. पूर्ण नांव इतक्या उंचीवर लिहिलें असतें तर रस्त्यावरून कोणासच वाचतां आलें नसतें. खांब नाहींत, घुमट नाहीं. आणि काळ महामंदीचा, देशभर पेढ्या बुडत असतांनाचा! अशा वेळीं ठेवीदारांस जुना भारदस्तपणा न दाखवितां त्यांची सोय पाहणें हें खरें धाडस होतें.

मनोऱ्यास १९७६ सालीं राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला. पेढीचे दिवस मात्र फिरूं लागले. दीर्घ मुदतीचीं कर्जें जुन्या कमी व्याजानें दिलेलीं, आणि ठेवींवरील व्याजाचे दर तर भडकलेले, अशा कोंडींत अमेरिकेंतील बचतपेढ्या सांपडल्या. १९८२ सालीं हिनें वेस्टर्न सेव्हिंग ही डबघाईस आलेली पेढी सरकारच्या आश्वासनावर आपल्यांत सामील करून घेतली. पुढें त्या आश्वासनांतील हिशेबाची सवलत सरकारी यंत्रणेनें काढून घेतली, आणि ११ डिसेंबर १९९२ रोजीं पेढी जप्त होऊन मेलन बँकेस विकली गेली. सरकारनें करारभंग केला असा निर्णय न्यायालयानें पुढें दिला. पण तोंवर पेढी उरली नव्हती.

मनोरा मात्र उरला. २००० सालीं तेथें हॉटेल सुरू झालें, आणि तीं लाल अक्षरें माथ्यावर तशींच राहिलीं. ज्या पेढीचें नांव तीं सांगतात तेथें आज कोणी पैसा ठेवूं शकत नाहीं. वास्तु टिकविण्यास पोलाद व दगड पुरतात. संस्था टिकविण्यास दिलेला शब्द पाळावा लागतो, पेढीनें ठेवीदारास दिलेला आणि सरकारनें पेढीस दिलेलाहि. पांच डॉलर ठेवणाऱ्या त्या पहिल्या ठेवीदारासमोर एकहि मनोरा नव्हता. त्यानें विश्वास ठेवला तो माणसांवर.